पावणेदोन जीबीचं मनगट

हार्ड डिस्क भरली की काय उडवायचं यावर हॉस्टेलमध्ये फारसा वाद होत नाही. बघून झालेला सिनेमा आधी जातो. पण फायनल इयर प्रोजेक्टसाठी मी सध्या ज्या फाईल्स हाताळतेय त्यांना हा न्याय लावता येत नाही. त्या आहेत माणसाच्या मनगटाच्या सीटी स्कॅनच्या.

हा हॉस्पिटलातला नेहमीचा सीटी नव्हे. हाड आतून अनारशासारखं जाळीदार असतं. ही जाळी मोजायला स्वित्झर्लंडच्या स्कॅन्को मेडिकल कंपनीचं एक्स्ट्रीमसीटी हे मशीन वापरतात. त्यात फक्त हात किंवा पाय घालायचा. दुसऱ्या पिढीच्या मशीनचा व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीतला पिक्सेल, ६१ मायक्रॉनचा. मनगटाचा जेमतेम १० मिलिमीटर भाग १६८ स्लाइसेसमध्ये येतो.

आता हिशोब करू. एका स्लाइसमध्ये २३०४ गुणिले २३०४ व्हॉक्सेल, प्रत्येकाला २ बाइट, स्लाइस १६८. उत्तर १,७८,३६,२७,७७६ बाइट, म्हणजे पावणेदोन जीबीच्या थोडं वर. प्रोग्रॅमने आकडे फ्लोटमध्ये बदलले की दुप्पट. फिल्टर लावला की तेवढीच आणखी एक प्रत. तिन्ही मिळून नऊ जीबीच्या आसपास! आठ जीबी रॅमचा लॅपटॉप तिथेच मान टाकतो.

मग पहिला सल्ला ठरलेला: "अगं, रिसाइझ कर ना!" खरी गोम इथेच आहे. जाळीतली एक काडी साधारण १०० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे दोन-तीन व्हॉक्सेल. प्रत्येक दिशेने दोन-दोन व्हॉक्सेल एकत्र केले तर फाईल एक अष्टमांश होते, पण बारीक काडीची आणि शेजारच्या पोकळीची सरासरी निघते. काडी मनगटात शाबूत, कॉम्प्युटरवर गायब! आणि ऑस्टिओपोरोसिसमध्ये नेमक्या याच काड्या झिजतात, तुटतात. म्हणजे आजार आहे की आपली काटकसर, हेच कळणार नाही.

मग करायचं काय?

एक, सगळी फाईल रॅममध्ये घेऊच नका. इमेजजेमध्ये 'रॉ' म्हणून उघडताना १६ बिट साइन्ड आणि लिटल एंडियन निवडा, व्हर्च्युअल स्टॅकवर टिक करा. लागेल तेवढीच स्लाइस डिस्कवरून येते. पायथॉनवाल्यांसाठी नमपायचं मेममॅप आहे. सुरुवातीचा हेडर किती बाइटचा? फाईलच्या एकूण साइझमधून वरचा गुणाकार वजा करा, उरेल तो हेडर.

दोन, कापा. चौकोनात हाडापेक्षा हवाच जास्त असते. लांबी-रुंदी निम्मी केली तरी फाईल पाव होते आणि हाडाचा एकही व्हॉक्सेल बदलत नाही.

तीन, हाड वेगळं काढून झालं की उत्तर फक्त 'आहे' किंवा 'नाही'. त्याला एक बिट पुरतो. अख्ख्या स्कॅनचे झाले सुमारे १११ एमबी, झिप केल्यावर त्याहून बरेच कमी. ८ बिट मात्र फक्त बघण्यापुरतं. मूळ आकड्यांवरून हाडाची घनता निघते, ती २५६ पायऱ्यांत कोंबायची नाही.

हे सगळं प्रतीवर. मूळ फाईल रीड-ओन्ली करून दोन ठिकाणी ठेवा, कॉपी झाल्यावर चेकसम जुळवा. पेशंट वर्षभराने पुन्हा येतो तेव्हा तुलना पहिल्या स्कॅनशी होते. तो हरवला तर परत घेता येत नाही, कारण गेल्या वर्षीचं हाड आज कुणाकडेच नसतं.

आणि हो, हेडरमध्ये पेशंटचं नाव असू शकतं. तेव्हा ही फाईल पेनड्राइव्हवरून रूमारूममधून फिरवायची नाही. आधी नाव पुसलेली प्रत तयार करायची.

ज्युनिअर्सपैकी कुणाला यात हात घालायचा असेल तर जरूर भेटा. कोड माझा, चहा तुमचा!