क्रेडिट कार्डाचे जुने कर्ज आणि न्यायालयाचे समन्स

पूर्वी आपल्या वस्त्यांमध्ये कर्ज म्हटले की पतपेढी, नोकरीतील सोसायटी किंवा नाइलाजाने सावकार, एवढीच दारे ठाऊक असत. आज नोकरी लागून सहा महिने होत नाहीत तोच तरुणाच्या खिशात क्रेडिट कार्ड येते. दरमहा साडेतीन टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटते; वर्षाचा हिशोब केला तर ते बेचाळीस टक्के होतात. मग आजारपण येते, कारखाना बंद पडतो, हप्ते थांबतात. काही वर्षे फोन येतात, पुढे तेही थांबतात, आणि प्रकरण मिटले असे घरचे समजून चालतात. अशा वेळी एके दिवशी बेलिफ समन्स घेऊन दारात उभा राहतो. प्रस्तुत लेखकाचा बँकेतील कामामुळे अशा कागदांशी संबंध येतो, म्हणून सभासद बंधू-भगिनींसाठी व विद्यार्थ्यांसाठी ही माहिती.

समन्स नाकारू नये. घेतले नाही म्हणजे दावा लागला नाही, ही समजूत फार घातक आहे. बेलिफ समन्स दाराला चिकटवून तसा अहवाल देतो, टपालाच्या पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडतो, आणि न्यायालय बजावणी झाली असे मानू शकते. पुढे एकतर्फी हुकूमनामा होतो. चाळ पाडून इमारत झाली, पत्ता बदलला आणि समन्स खरोखरच मिळाले नाही, असेही घडते. तेव्हा हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो.

समन्स हाती आल्यावर दावा साधा आहे की समरी, हे प्रथम पाहावे. साध्या दाव्यात लेखी कैफियत तीस दिवसांत द्यायची असते. सबळ कारण असल्यास न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवते. समरी दाव्यात मात्र दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. त्यानंतर वादीकडून निकालासाठीचे समन्स येते, आणि ते मिळाल्यापासून दहा दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. दहा दिवस म्हणजे किती थोडे, हे वकील शोधू लागल्यावर कळते. काही बँका न्यायालयाऐवजी लवादाकडे जातात. त्या नोटिशीकडेही दुर्लक्ष करू नये.

आता मुख्य मुद्दा मुदतीचा. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार पैशाच्या वसुलीचा दावा साधारणपणे थकबाकी झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. त्यानंतर लावलेला दावा प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाने फेटाळला पाहिजे, असे कलम ३ सांगते. परंतु तारखा पुराव्यानिशी पुढे आल्या नाहीत तर त्या न्यायालयाला कळणार कशा? म्हणून हरकत कैफियतीत स्पष्ट लिहावी. समजा, जुलै २०१६ मध्ये खाते थकले आणि त्यानंतर भरणा किंवा लेखी कबुली नाही. तर जुलै २०१९ मध्ये मुदत संपली. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला आहे, त्याचा या खात्याशी संबंध नाही. पण खाते जुलै २०१८ मध्ये थकले असेल, तर मुदत २०२१ मध्ये न संपता २०२३ च्या मध्यापर्यंत जाते. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले म्हणून मात्र मुदत नव्याने सुरू होत नाही.

वसुलीची माणसे ‘फक्त पाचशे रुपये भरा, एक सही करा, विषय मिटवू’ असे म्हणतात ते उगाच नव्हे. मुदत चालू असताना सहीनिशी दिलेली कबुली, किंवा लेखी नोंद असलेला भरणा, तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मुदत संपल्यानंतर नुसत्या भरण्याने मेलेला दावा जिवंत होत नाही; परंतु ‘मी ही रक्कम फेडीन’ असे लिहून सही दिली, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते नवे बंधन ठरते. म्हणून सही करण्यापूर्वी तारीख तपासावी. हा कर्ज बुडविण्याचा सल्ला नव्हे. घेतलेले आणि मुदतीतले कर्ज फेडलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र किती फेडायचे हे हिशोबावरून ठरावे, धमकीवरून नव्हे.

तो हिशोब मागण्याचा आपणास अधिकार आहे. नुसता एकूण आकडा पुरेसा नाही. प्रमाणित खातेउतारा, कार्डाचा करार आणि कर्ज विकले असल्यास हस्तांतरणाचा दस्त मागावा. उताऱ्यात मूळ खरेदी, व्याज आणि दंड वेगळे काढून पाहावेत. पुष्कळदा मूळ खरेदी एक तृतीयांशही नसते. ‘तीस टक्क्यांवर व्याज बेकायदा’ या जुन्या निकालावर मात्र विसंबू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला आहे.

अटकेच्या भीतीने बायका-माणसे दागिने मोडतात, हे पाहून वाईट वाटते. कार्डाचे पैसे थकणे हा दिवाणी विषय आहे. (दिलेला चेक परत जाणे हा मात्र वेगळा आणि फौजदारी मामला.) निव्वळ गरिबीमुळे फेड न करू शकणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले आहे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. पगारावर जप्ती येऊ शकते, पण पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. जप्तीयोग्य पगार ३१,००० असेल तर महिना १०,००० पर्यंतच. भविष्य निर्वाह निधी, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे यांनाही संरक्षण आहे.

वकिलाची फी कोठून आणायची, हा प्रश्न येतोच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीस मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश झाल्याने आपल्यापैकी बहुतेकांना हा हक्क आहे. स्त्रियांनाही तो आहे, मग जात कोणतीही असो. जातीचा दाखला व समन्स घेऊन तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात जावे. हा हक्क वापरणारे फार थोडे भेटतात.

तडजोड करायची असल्यास लोक अदालत हा बरा मार्ग आहे. तेथे ‘हो’ म्हणण्याची सक्ती नसते, पण एकदा सही झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तोच हप्ता कबूल करावा. हुकूमनामा होत असतानाही हप्ते बांधून मागता येतात. बाहेर तडजोड झाली तर बँकेच्या लेटरहेडवरील पत्र आधी घ्यावे, पैसे नंतर, आणि तेही खात्यात, एजंटाच्या हाती नव्हे. हुकूमनामा झालेला असेल तर न्यायालयाबाहेर भरलेल्या रकमेची नोंद न्यायालयात तीस दिवसांत करून घ्यावी. वादीने ती केली नाही तर आपण अर्ज द्यावा. हुकूमनाम्याची दरखास्त बारा वर्षांपर्यंत दाखल होऊ शकते, आणि नोंद नसलेला भरणा दरखास्तीच्या वेळी न्यायालय विचारात घेत नाही.