दात हाती, देह अंदाजाने
लुप्त झालेले महाकाय मांसाहारी सस्तन प्राणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: पुण्याजवळच्या कासारवाडीत इमारतीच्या पायासाठी खोल खणलं, तर अशा एखाद्या प्राण्याचा सांगाडा सापडेल.

वस्तुस्थिती: कासारवाडी-भोसरीपासून चाकणपर्यंत जमिनीखाली लाव्हारसाचा काळा कातळ आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथले सस्तन प्राणी चिचुंद्रीएवढे होते. तेलंगणात नासकल इथे लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात सापडलेला 'डेक्कनोलेस्टिस' त्यांतलाच. महाकाय शिकारी आले ते कोट्यवधी वर्षांनी. त्यांच्या काळातली हाडं शोधायची तर नद्यांच्या जुन्या गाळात. प्रवरा, घोड, मांजरा यांच्या काठी रानबैल आणि हत्तींची हाडं मिळाली आहेत. शिकाऱ्यांची फार क्वचित मिळतात. चरणारे कळपाने असतात, त्यांना खाणारे मोजकेच.

गैरसमज: तलवारदंती हा आपल्या वाघाचा पूर्वज.

वस्तुस्थिती: तो मार्जारकुळातलाच, पण वेगळ्या शाखेचा, आणि ती शाखा निर्वंश झाली. त्या शाखेतला, २८ सेंटिमीटरपर्यंत सुळे असलेला स्मायलोडॉन फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत होता. भारतातले तलवारदंती शिवालिकच्या टेकड्यांत सापडतात. हिमाचलातल्या साकेतीच्या जीवाश्म उद्यानात त्यांची पूर्णाकृती प्रतिकृती उभी आहे. डायनासोरशी त्यांची झुंज मात्र फक्त कार्टूनमधली. दोघांमध्ये कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे.

गैरसमज: केनियाचा 'सिंबाकुब्वा' हा दीड टनाचा सिंह होता.

वस्तुस्थिती: तो सिंह नव्हेच, हायनोडॉन्ट नावाच्या, पूर्ण नामशेष झालेल्या गटातला. सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वीचे त्याचे जबड्याचे तुकडे नैरोबीच्या संग्रहालयातल्या एका खणात कित्येक दशकं पडून होते. २०१९ मध्ये त्यांची नीट नोंद झाली. वजन काढलं ते दातांच्या मापावरून. एका सूत्राने ते २८० किलो येतं, दुसऱ्याने १,५०० किलो. बातम्यांत अर्थातच मोठा आकडा झळकला.

गैरसमज: 'अँड्र्यूसार्कस' म्हणजे राक्षसी लांडगा.

वस्तुस्थिती: १९२३ मध्ये चीनमधल्या इनर मंगोलियाच्या वाळवंटी भागात ८३ सेंटिमीटर लांबीची एक कवटी मिळाली. धड आजवर मिळालेलं नाही. नातं लांडग्याशी नाही, पाणघोडे आणि देवमाशांच्या कुळाशी जवळचं मानलं जातं. चित्रातलं अंग, पाय, शेपूट सगळं चित्रकाराच्या अंदाजाचं. तेव्हा 'जगातला सर्वांत मोठा शिकारी' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर किती हाडांवरून, एवढं आधी विचारावं.