बचत पातेल्यातली, जपणूक डब्यातली

मैत्रिणींनो, महिन्याची वीस तारीख उलटली की भाजीवालीचा भाव ऐकता ऐकताच आपली मनातल्या मनात वजाबाकी सुरू होते. मग काटकसर म्हणजे मुलांच्या वाटीतलं वरण पातळ करणं, असं वाटू लागतं. तसं मुळीच करू नका. पैसा खरा जातो तो फेकलेल्या अन्नात आणि कीड लागलेल्या डब्यात.

दोडक्याच्या शिरांची चटणी आपण करतोच. दुधीची सालंही तीळ आणि सुकं खोबरं घालून तशीच खमंग परतता येतात. मुळ्याचा पाला टाकू नका, पीठ पेरून त्याची भाजी करा. भाजी फारच महाग झाली, तर त्या आठवड्यात सरळ मटकी, मूग, कुळीथ बाहेर काढा. मटकी भिजून, मोड येऊन दुपटीहून जास्त फुगते. तूरडाळ अर्धा तास भिजवून शिजवली तर लवकर मऊ होते आणि गॅसही वाचतो.

आता उरलेल्या भाताविषयी. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा, ही घरोघरची रीत. पण तांदळात असे काही जंतू असतात की त्यांची बीजं भात शिजला तरी मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष तयार होतं. ते फोडणीने जात नाही. उलट्या, जुलाब होतात. म्हणून उरलेला भात पसरट ताटात लवकर निववा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून संपवा. फ्रिज नसेल तर मूठभर कमीच शिजवा. (घरातल्या मंडळींना भात कमी पडला तर पोळी आहेच की!)

वर्षाचं धान्य भरताना गहू कडक उन्हात वाळवतो, ते ठीकच. पण तो गरम गरम डब्यात भरला तर आत घाम धरतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. पूर्ण निवू द्या. डबा कोरडा, झाकण घट्ट. जुन्या धान्यावर नवं ओतू नका. तळाची कीड वर चढते. तूरडाळीला एरंडेल चोळायचं तर हाताला जेमतेम ओशट लागेल इतकंच.

एका गोष्टीबाबत मात्र मी हट्टी आहे. धान्यात ठेवायची विषारी गोळी कुणी कितीही आग्रहाने दिली तरी घरात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची ती गोळी गोदामांसाठी असते आणि शिकलेल्या माणसांनीच ती हाताळायची असते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. बंद घरात झोपलेली माणसं त्याने दगावलेली आहेत, आणि त्यावर उतारा नाही. किडलेला गहू परवडला!

शेंगदाण्यांचंही तसंच. कुबट वासाचे, काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे वेचून टाका. कुटात मिसळले की कळणार नाही, असा विचार नको. त्यांच्यावरच्या बुरशीचं विष यकृताला बाधतं आणि भाजल्यानेही पुरतं जात नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागांत असाच बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली होती. तेव्हा सुटे दाणे घेताना दोन चावून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. कूटही महिन्याचं एकदम करू नका. आठवड्यापुरतं करा, कोरड्या बरणीत भरा आणि घेताना ओला चमचा घालू नका.