दुःखाच्या घरी जाताना



आज जरा जड विषय घेतलाय. पण तो टाळून चालत नाही. कधी ना कधी तुमच्या गल्लीत, वाडीवर किंवा वर्गातच कुणाच्या तरी घरचं माणूस जातं. मोठी माणसं मातीला जायला निघतात आणि तुम्हाला म्हणतात, "तू घरीच थांब." तुम्ही थांबता. पण मनात प्रश्न येतोच ना? आपला दोस्त आता काय करत असेल? त्याच्यासाठी आपण काय करायचं?

रडणाऱ्याला धीर द्यायचा, हे तर खरंच. पण दुःखाच्या मागोमाग आणखी एक पाहुणा त्या घरात शिरतो. त्याचं नाव खर्च! दुःख सगळ्यांना दिसतं, हा पाहुणा मात्र कुणाला दिसत नाही. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

खर्च येतो कुठून?

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं एखादं साधं शेतकरी घर डोळ्यांसमोर आणा. चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन, तूर, कुठे थोडी हळद. घरातला कर्ता माणूस आजारी पडला की आधी दवाखाना होतो. हिंगोलीहून नांदेडला न्यावं लागलं तर गाडीभाडं, औषधं, सोबतच्या माणसांचं जेवण. एवढं करूनही माणूस हाती लागला नाही, की मग लाकडं, कापड, पाहुण्यांची ये-जा, अस्थी घेऊन गोदावरीला जाणं आणि शेवटी तेरवी. यातला एकही खर्च पुढे ढकलता येत नाही. आणि कमावणारे हात तर नेमके तेच गेलेले असतात!

भाकरीची टोपली

आपल्या बापजाद्यांना हे बरोबर ठाऊक होतं. म्हणून तर मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या घरांतून पिठलं-भाकरी जाते. कुणी बोलावत नाही, कुणी हिशेब ठेवत नाही. मुसलमान बांधवांकडेही पहिले तीन दिवस नातेवाईक आणि शेजारी जेवण पुरवतात. धर्म वेगळे, पण टोपली एकच!

जगात इतर ठिकाणीही लोकांनी यावर वाटा काढल्यात. आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात 'इद्दिर' नावाची मंडळं असतात. मोहल्ल्यातली कुटुंबं दर महिन्याला थोडी थोडी वर्गणी भरतात. कुणाच्या घरी मृत्यू झाला, की मंडळ मांडव घालतं, भांडी आणतं, जेवणाचं बघतं आणि रोख पैसेही देतं. आपल्या बचत गटाचा भाऊच म्हणा ना! जपानमध्ये अंत्यविधीला येणारा माणूस पाकिटात पैसे घालून आणतो. त्याला 'कोडेन' म्हणतात. म्हणजे दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, हे शहाणपण सगळीकडचंच आहे.

तेरवीचं गणित

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, तेरवीला तीनशे माणसं जेवली आणि एका पानाला ८० रुपये खर्च आला. किती झाले? २४,००० रुपये! आधीचा दवाखाना आणि इतर खर्च धरून घरच्यांनी ५०,००० रुपये उसने घेतले. व्याज शेकडा तीन रुपये महिना. म्हणजे महिन्याला १,५०० रुपये आणि वर्षाला १८,००० रुपये नुसतं व्याज! मुद्दल जिथल्या तिथे. मग एके दिवशी घरात बोलणं निघतं, "पोराला यंदा कामाला धाडावं का? पोरीची शाळा थांबवावी का?" बघा, एका दिवसाची पंगत कुणाच्या ताटातून उठते ती!

हे दुखणं फार आधी ओळखलं ते संत गाडगेबाबांनी. आपल्या शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणचं नाव डेबू. वडील लवकर गेले, म्हणून डेबू आईबरोबर आजोळी दापुऱ्याला वाढला. तिथे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. मामाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कागदावर काय लिहिलंय ते कळलंच नाही. त्या धक्क्याने मामा खचला आणि गेला. हे सारं डेबूने डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवेपर्यंत बाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले आणि कीर्तनातून दोन गोष्टी सांगत राहिले : कर्ज काढून सण-कार्य करू नका आणि मुलांना शिकवा.

पालकहो, इथे तुमच्याशी दोन शब्द. तेरवीला बोलावणं आलं तर जरूर जावं, पण पंगत लहान ठेवायचा धीर त्या घराला भावकीनेच द्यायला हवा. 'लोक काय म्हणतील?' या प्रश्नातले लोक म्हणजे आपणच की! आपण आधी म्हटलं, "साधंच करा, आम्ही शिधा आणतो," तर त्या माउलीच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरेल. कापड-टोपीच्या आहेराऐवजी तेवढेच पैसे शांतपणे हातात द्यावेत. कपडे पेटीत पडून राहतात, पैशाने किराणा येतो.

कागद वाचणारे हात

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडगेबाबांच्या मामाला कागद वाचता आला नाही. तुम्हाला येतो! पहिले काही दिवस सरले की त्या घरात कागदांची रांग लागते, आणि सरकारची जी मदत मिळू शकते ती कागदाअभावी राहून जाते. मोठ्या माणसाला सोबत घेऊन तुम्ही ही यादी त्या घरात वाचून दाखवू शकता.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. गावात मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी. पुढची सगळी कामं या दाखल्यावर अडतात. उशीर झाला तर दंड आणि हेलपाटे वाढतात.

दुसरं, बँकेचं पासबुक. त्यात मे महिन्याच्या शेवटाला ४३६ रुपये वजा झालेत का, ते बघा. झाले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना असते. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळू शकतात. नुसते २० रुपये वजा असतील तर ती सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू असेल तर तिथेही २ लाखांचा विमा असतो. या योजना २०१५ पासून आहेत, पण आपल्या माणसाने हा विमा काढला होता हे कित्येक घरांना माहीतच नसतं. महिनाभराच्या आत बँकेत जाऊन विचारावं.

तिसरं, शेतात साप चावून, वीज पडून, विजेचा धक्का बसून किंवा रस्त्यावरच्या अपघातात शेतकरी गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात द्यायचा.

चौथं, दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. १९९५ साली सुरू झालेली ही योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. गरीब विधवा बाईसाठी संजय गांधी निराधार योजनेचं दरमहा अनुदान असतं, त्याचीही चौकशी तिथेच करावी.

पाचवं तर तुमच्याच वयाच्या मुलांसाठी! आई किंवा वडील गमावलेल्या मुलांकरिता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम वाढवून महिन्याला २,२५० रुपये केली गेली. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात याची माहिती मिळते.

शेत वडिलांच्या नावावर असेल तर तलाठ्याकडे वारसांची नोंद करायची, हेही विसरू नये. आणि हो, "हजार रुपये द्या, मी काम करून देतो" म्हणणाऱ्या माणसापासून सावध! अर्जाची पोच घ्यायची आणि प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स घरी ठेवायची.

दोस्त शाळेत परत येतो तेव्हा

आमच्या शाळेत चौथीतल्या एका मुलाचे वडील वारले. वर्गातल्या मुलांना वाटलं, वर्गणी काढू आणि परिपाठाला सगळ्यांसमोर त्याला पैसे देऊ, टाळ्या वाजवू. त्यांची भावना फार चांगली होती. पण एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, त्याला लाज वाटंल की." केवढं शहाणं बोलली! मग आम्ही तसं केलं नाही. मुलांनी त्याचा बुडालेला अभ्यास वाटून घेतला. कुणी मराठीची वही उतरवली, कुणी गणिताची. मोठ्या माणसांनी जी काही रक्कम जमवली ती घरी जाऊन त्याच्या आईच्या हाती दिली. कुणी किती दिले ते सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी तो आला, बाकावर बसला, वही उघडली, तर अभ्यास तयार! तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही आला. आम्हाला तेवढंच हवं होतं.

तर दोस्तांनो, तुमच्या खिशात पैसे नसतात, हे मला माहीत आहे. पण हंडाभर पाणी आणून देता येतं. लहान भावंडाला घटकाभर खेळवता येतं. दुकानातून सामान आणून देता येतं. आणि 'कसं झालं रे?' असं खोदून न विचारता नुसतं शेजारी बसता येतं. माणसांची गर्दी तेराव्या दिवसापर्यंत असते. खरी गरज चौदाव्या दिवसापासून लागते. फी नसली तरी वह्या लागतात, पेरणीला बियाणं लागतं, मळणीला माणूस लागतो.

म्हणून दुःखाच्या घरी एकदा जाऊन थांबू नका. महिन्याने जा, दिवाळीला जा, पहिल्या पेरणीला जा. आणि आज रात्री जेवताना हा लेख आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. आपल्याही घरातलं पासबुक आणि दाखले कुठे ठेवलेत, ते विचारून घ्या.

विचाराल ना?