किलोकिलोचा हिशेब

अलोरे इथल्या डोंगराच्या पोटात कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचं वीजघर आहे. 80 मेगावॉटचे चार संच. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिलं. पोफळीच्या वीजघरात वीज करून कोळकेवाडीच्या तलावात आलेलं तेच पाणी इथे पुन्हा टर्बाइनवर पडतं आणि मग वाशिष्ठी नदीला मिळतं. वाटा वाढत नसेल तर आहे त्यातच काम भागवायचं, हे अलोऱ्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

1960 च्या दशकात अपोलो मोहिमांसाठी चंद्रावर उतरणारं यान बनवणाऱ्या अमेरिकेतल्या ग्रमन कंपनीच्या इंजिनिअरांचा वाटाही असाच ठरलेला होता, वजनाचा.

सॅटर्न-5 रॉकेट चंद्राकडे सुमारे 45 टन धाडू शके. त्यातले जेमतेम 15 टन चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे, आणि त्यातही साडेदहा टन निव्वळ इंधन! उरलेल्या साडेचार टनांत केबिन, दोन इंजिनं, टाक्या, बॅटऱ्या, पाणी, प्राणवायू आणि दोन माणसं. केबिनमध्ये एक किलो वाढला की तो खाली उतरवायला इंधन लागे आणि परत वर न्यायलाही.

खुर्च्या आधीच गेल्या. यातली सगळ्यात देखणी करामत तीच. माणूस उभा राहिला की डोळे काचेला भिडतात, मग मोठ्या जड काचांऐवजी छोट्या तिकोनी खिडक्या पुरतात. चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे पायांवरही फारसा भार नाही.

तरीही वजन वाढतच राहिलं. 1965 मध्ये ग्रमनच्या थॉमस केली यांच्या चमूने एकेक भाग पुन्हा तपासायला घेतला. ॲल्युमिनियमचे पत्रे, जिथे ताण कमी तिथे, रसायनाने झिजवले. केबिनची भिंत काही ठिकाणी 0.3 मिलिमीटरच उरली. उष्णता अडवणारी जड आवरणं काढून तिथे झिरझिरीत चंदेरी-सोनेरी पापुद्र्यांचे थर आले. वर्षअखेरीस 1,100 किलोंहून जास्त वजन उतरलं होतं.

काटकसर चंद्रावरही चालू राहिली. अपोलो-11 च्या वीरांनी निघण्याआधी पाठीवरच्या प्राणवायूच्या पेट्या दारातून बाहेर टाकल्या आणि साडेएकवीस किलो दगडमाती आणली. अपोलो-14 पासून उतरणाऱ्या यानाला खालच्या कक्षेत नेण्याचं काम मुख्य यान स्वतःच्या इंधनावर करू लागलं. जुलै 1971 मध्ये अपोलो-15 सोबत 210 किलोंची मोटार गेली, आणि परतताना 77 किलो दगडमाती आली.