छुट्टी देणारा

सकाळी साडेसहाला आश्वेच्या किनाऱ्यावर अजून नीट उजाडलेलं नसतं. मी ओल्या रेतीपर्यंत जातो, मूठभर कोरडी वाळू घेतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडतो. वाळू समुद्राकडे सरकली की समजायचं, मतलई वारा अजून चालू आहे. खारे वारे आणि मतलई वारे मी मालेगावच्या शाळेत घोकून पाठ केले होते. तेव्हा समुद्र पाहिलेलाही नव्हता. परीक्षेत दोन मार्कांना येणारा तो प्रश्न आता रोज पहाटे माझ्यापुढे असतो, आणि त्याच्या उत्तरावर माणसांचा जीव अवलंबून असतो.

आज 14 जानेवारी. घरी संक्रांत.

गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोरजी, आश्वे, मांद्रे असा हा सलग किनारा आहे. पावसाळा सरून समुद्र निवळला की इथे काइटसर्फिंग सुरू होतं. हवेने फुगवलेला मोठा पतंग, कमरेला हार्नेस, पायाखाली फळी, आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून धाव. फ्रान्सच्या ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांनी 1984 मध्ये फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. पाण्यात पडला तरी न बुडता पुन्हा उठणारा पतंग त्यांनी दिला. माझं काम मात्र वाळूवरचं. पतंग पंपाने भरायचा, उडवताना धरून द्यायचा, उतरताना झेलायचा, फाटला तर शिवायचा. मालेगावात पतंग धरून दूर उभ्या राहणाऱ्या पोराला आम्ही ‘छुट्टी दे’ म्हणून ओरडायचो. इथे मी तोच पोरगा आहे. पतंग तेवढा बारा चौरस मीटरचा आहे.

साडेसातला शिलाई मशीन. काल एक पतंग सुरूच्या झाडाला घासला आणि वीतभर फाटला. हे कापड हातात घेतलं की मला आमचा लूम आठवतो. मालेगावात अर्धं आयुष्य ताणा-बाणा बघण्यात गेलं, त्यामुळे नजर आपोआप विणीवर जाते. पॉलिस्टरच्या बारीक धाग्यांत ठरावीक अंतरावर एक जाड धागा येतो, उभा आणि आडवा. उन्हासमोर धरलं की आलेखवहीसारखे चौकोन दिसतात. फाटत आलेली चीर त्या जाड धाग्यापाशी अडखळते. आमच्या ग्रे कापडात ही सोय नव्हती, एकदा टरकलं की पार काठापर्यंत जायचं. चिरेच्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली, कडेने नागमोडी टीप मारली. टीप फार दाट झाली तर सुईच्या भोकांवरच कापड पुन्हा फाटतं, म्हणून टाका लांब ठेवायचा.

आठच्या सुमाराला शेजारी रापण ओढायला माणसं जमतात. दोन बाजूंनी दोर ओढत जाळं किनाऱ्याला आणायचं, हे काम इथे आमच्या कितीतरी आधीपासूनचं. म्हणून रापण पाण्यात असेपर्यंत आमची एकही दोरी वाळूवर पसरत नाही. त्यातले एक म्हातारे काका मला ‘पुता’ म्हणतात. जाळं वर आलं की हात हलवून सांगतात, मग मी सामान काढतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण तो पाळला म्हणूनच ते आम्हाला इथे उभं राहू देतात.

नऊला एक पाहुणा आला, स्वतःचा पतंग घेऊन. “वारा छान आहे, पाणीही सपाट आहे,” म्हणाला. पाणी सपाट होतं ते खरं, कारण वारा जमिनीकडून येत होता. जमिनीवरून सुटलेल्या वाऱ्याला किनाऱ्यालगत लाट उठवायला जागाच मिळत नाही. नवख्याला ते तळं वाटतं. पतंग पडला किंवा फळी हातची गेली तर हाच वारा माणसाला अरबी समुद्रात ढकलत नेतो. मी त्याला वाळू सोडून दाखवली. तो पाहत राहिला, मग बसला. चहा घेतला.

अकराला नव्या शिकणाऱ्यांचा तास. प्रशिक्षक शिकवतात, मी दोऱ्या पसरून देतो. पतंगाला चार दोऱ्या असतात, वीस ते चोवीस मीटर लांब, दोन मिलिमीटरहूनही बारीक. पतंगापासून बारपर्यंत, म्हणजे हातात धरायच्या दांड्यापर्यंत, चालत जायचं, चारही दोऱ्या बोटांच्या फटींतून सरकवत. गाठ, पीळ, गवताची काडी, सगळं बोटांना कळतं. मी शिकणाऱ्यांना माझ्या उजव्या तर्जनीवरचा पांढरा व्रण दाखवतो. तो मालेगावच्या गच्चीवरच्या मांज्याचा आहे, नवव्या वर्षीचा. ताणलेली दोरी हाताने पकडायची नाही, दोऱ्यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, दुसऱ्याच्या पसरलेल्या दोऱ्यांवर पाय द्यायचा नाही. मग लाल मूठ. ती पुढे ढकलली की पतंगाचा जोर एका क्षणात जातो. वाळूवर उभं राहून, डोळे मिटून, दहादा ढकलायला लावतो. पाण्यात नाकातोंडात लाट गेली असताना मूठ शोधत बसायला वेळ नसतो.

साधारण एकला तो क्षण येतो. मतलई थांबते. काही वेळ पानही हलत नाही. मग पाण्यावर दूर काळसर पट्टा दिसतो, जवळ येतो, आणि वायव्येकडून खारा वारा गालाला लागतो. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या खांद्यावरून येणारा, किंचित किनाऱ्याकडे ढकलणारा. आम्हाला हवा तो हाच. काही चुकलं तर माणूस शेवटी वाळूवरच येऊन लागतो. दोनपर्यंत चौदा नॉट झाला, म्हणजे ताशी सव्वीस किलोमीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. त्यामुळे कालच्या मापाचा पतंग आज चालेलच असं नाही.

दोन ते चार मला पाणी प्यायलाही सवड नसते. जो तो पतंग भरून रांगेत. पतंग समुद्राच्या बाजूला, माणूस जमिनीच्या बाजूला, म्हणजे उठताना पतंग पाण्यावरून उठतो, आंघोळ करणाऱ्या पोराबाळांवरून नाही. मी फुगीर नळीच्या मधोमध धरून पतंग आडवा उभा करतो. कापड फडफडतंय तोवर वाऱ्याचा कोन बरोबर नाही. फार ओढ लागत असेल तरी बरोबर नाही, सोडल्याबरोबर हिसका बसेल. मधली एक जागा असते. कापड टम्म भरतं, आवाज थांबतो, आणि पतंग माझ्या हातात शांत उभा राहतो.

साडेतीनला एक जुना जाणता गडी आला. पंधरा वर्षं हे करतोय, उड्या तर अशा मारतो की किनारा थांबून बघतो. त्याने घाईघाईत बार अडकवला आणि लांबूनच अंगठा दाखवला. मी सोडला नाही. पतंगाच्या खालच्या टोकाला मागची एक दोरी वळसा घालून गेली होती. माझ्या जागेवरून ती बोटभरच दिसत होती, त्याच्या जागेवरून दिसणारच नव्हती. तो ओरडला, हात झटकले. मी मान हलवली आणि दोन्ही हातांनी पतंग छातीशी धरला. रांगेतले लोक बघायला लागले. तो तसाच चिडून अंगठा दाखवत राहिला. शेवटी मी पतंग उलटा करून वाळूवर टेकवला, त्यावर वाळू टाकली आणि चालत जाऊन त्याला ती दोरी दाखवली. तसाच उडवला असता तर पतंग गरगरा फिरला असता आणि त्याला वाळूवरून वाऱ्याच्या दिशेला उभ्या माणसांमध्ये फरफटत नेलं असतं. तो काही बोलला नाही. दोरी सोडवली, परत जाऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा अंगठा दाखवण्याआधी त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग मी छुट्टी दिली.

मला नवख्यांची भीती कमी वाटते. ते घाबरतात, विचारतात, ऐकतात. ज्याला सगळं येतं त्याला वाळूवरच्या माणसाची गरज वाटेनाशी होते, आणि तिथेच मला जास्त जपावं लागतं.

पाण्यातही रीत आहे. दोघे समोरासमोर आले तर ज्याचा उजवा हात पुढे, त्याचा हक्क. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला परत येणाऱ्याने वाट द्यायची. शेजारून जाताना वारा येतो त्या बाजूच्याने पतंग उंच न्यायचा, दुसऱ्याने खाली. पोहणाऱ्यांपासून निदान दोन दोऱ्यांच्या लांबीइतकं, पन्नासेक मीटर, लांब. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा आंघोळीची, तिथे आपण जायचंच नाही. मालेगावात आम्ही मुद्दाम दुसऱ्याच्या मांज्यावर मांजा टाकायचो, पेच लावण्यातच सगळी मजा. इथे दोन पतंगांच्या दोऱ्या गुंतल्या तर दोन माणसं बुडू शकतात. हे मनात मुरवायला मला एक अख्खा हंगाम लागला.

पाचनंतर वारा ढिला होतो. लांबून कुणी डोक्यावर हात थोपटला की समजायचं, उतरायचंय. धावत जाऊन झेलायचं. मोरजीच्या तेंबवाड्याकडे कुणी वाहत गेला असेल तर मी आधी तिकडे बघतो. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हाच त्यांचा हंगाम. वनखात्याने राखलेल्या त्या जागेत पतंग उतरवायचा नाही, सामान ओढत न्यायचं नाही. अंधारात एखादी मादी वर येते तेव्हा वाळू मोकळी असायला हवी.

साडेसहाला सूर्य गेलेला असतो. बार मोजले, नऊ. पतंग नऊ. पाण्यात कुणी नाही. दोऱ्या गोड्या पाण्याने धुऊन गुंडाळल्या.

सातला घरून फोन. आई आधी विचारते, “जेवना का रे भाऊ?” मग धाकट्याने गच्चीवरचा व्हिडिओ दाखवला, अख्खं आभाळ पतंगांनी भरलेलं. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो, आणि नाशिक जिल्ह्यात दर संक्रांतीला कुणाच्या ना कुणाच्या गळ्याची बातमी येते. पतंग कटला की मांजा रस्त्यावर आडवा पडतो, आणि तो कोणाचा हे कुणालाच माहीत नसतं.

“चक्री दाखव,” मी म्हटलं. त्याने कॅमेऱ्यापुढे धरली. सुती दोरा होता.

“आता सायझिंगच्या कारखान्यावर जायचंय, रात्रपाळी आहे,” तो म्हणाला.

“गाडीवर?”

“हो.”

“गळ्याला काय बांधलंयस?”

त्याने फोन खाली ठेवला. पडद्यावर गच्चीचा कठडा दिसत राहिला. मग तो पुन्हा समोर आला, आईचा जाड मफलर हनुवटीपर्यंत गुंडाळून.