छंद म्हणून ठीक आहे, पण…

हळदीकुंकवाला आलेल्या बायका दारातली रांगोळी बघून म्हणतात, ‘किती छान हात आहे हो तुमच्या मुलीचा!’ आई सुखावते. गॅदरिंगमध्ये मुलगी गायली की वडील कौतुकानं व्हिडिओ काढतात. पण त्याच मुलीनं बारावीनंतर ‘मला हेच शिकायचंय’ म्हटलं, की घरात शांतता पसरते. मग ठरलेलं वाक्य येतं, ‘छंद म्हणून ठीक आहे, पण…’

मैत्रिणींनो, या ‘पण’मध्ये किती मुलींची स्वप्नं अडकलीत!

महिला मंडळाच्या कामामुळे अशी घरं मला जवळून दिसतात. एका मुलीला चित्रकलेची पदवी घ्यायची होती. वडील पतसंस्थेत कारकून. त्यांनी फार्मसीचं ठरवलेलं. तिनं मला बोलवून घेतलं. वडील रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, ‘वहिनी, चित्रं काढू नको असं कोण म्हणतंय? पण चार वर्षांनी हातात काय? पुढं लग्नाचंही बघायचंय.’ चहा देताना आई हळूच म्हणाली, ‘माझी रांगोळी बघायला सगळी गल्ली यायची. पण तुला काय करायचंय, असं मला कुणी विचारलंच नाही.’

वडिलांचा विरोध कलेला नव्हताच, त्यांना भीती होती ती पैशांची. तुटपुंज्या पगारात घर चालवणाऱ्या माणसाची ही भीती खोटी कशी म्हणायची? पण भीतीला उत्तर माहितीनं द्यायचं असतं, रडून किंवा अबोला धरून नाही.

अशा वेळी मोठ्यांची उदाहरणं हमखास दिली जातात. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन होते. चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये ते पूर्णवेळ नट झाले. २०२२ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायदा, दोन्ही पदव्या घेतल्या होत्या. ‘बघा, आधी डिग्री, मग कला,’ असं म्हणायला आपण मोकळ्या! पण प्रभाताईंचं गाणं शिकणं लहानपणापासूनच सुरू होतं, पदवी होईपर्यंत ते थांबलं नव्हतं, हे आपण सोयीनं विसरतो. आणि ‘नंतर बघू’ म्हटलेल्या आपल्या मुलींच्या वाट्याला तो ‘नंतर’ येतो का? नोकरी, लग्न, मुलं… आणि रंगांची पेटी माळ्यावर!

शिवाय कलेचीही रीतसर पदवी असते, हे अनेक घरांत माहीतच नसतं. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट तर १८५७ पासूनचं. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालयं आहेत. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलीला राज्याची सीईटी देऊन चार वर्षांच्या बी.एफ.ए.ला जाता येतं. परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असतं. शाळेतल्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांचा सराव इथं कामी येतो. उपयोजित कला शिकलेल्यांना जाहिरात, पॅकिंग, पुस्तकांची मांडणी अशी कामं असतात. वस्त्रकला आहे, सिरॅमिक आहे. कलाशिक्षक व्हायचं असेल तर ए.टी.डी. आहे.

त्या मुलीनं हे सगळं कागदावर मांडलं. फी किती, वसतिगृहाचा खर्च किती, कोणती शिष्यवृत्ती, पुढं कुठली कामं. आणि वडिलांकडे एका वर्षाची मुदत मागितली. ‘सीईटीत जमलं नाही, तर तुम्ही म्हणाल ते.’ वडील तयार झाले. तिला शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांची काळजी काही संपलेली नाही. पण नातेवाइकांनी टोमणा मारला की ‘तिची पण डिग्रीच चाललीय’ असं तेच सांगतात!

प्रत्येकीला यश मिळेलच असं मी म्हणणार नाही. कलेच्या क्षेत्रात जम बसायला वेळ लागतो आणि सुरुवातीला पैसे कमीच. पण इंजिनिअर होऊन घरी बसलेल्या मुलीही आपल्याच गल्लीत आहेत ना?

म्हणून आईनंच पुढं व्हावं. मुलीला चौकशी करू द्यावी, हिशेब मांडायला लावावा, मुदत द्यावी. ती मुदत संपेपर्यंत मात्र तिला टोमण्यांपासून जपावं. मुलाला आपण स्पर्धा परीक्षेसाठी तीन-तीन वर्षं देतोच की! मग मुलीला तिच्या रंगांसाठी एक वर्ष द्यायला काय हरकत आहे?